पंप बंद केल्यानंतर : गरोदरपणातील ॲलर्जी आणि दम्याचे एक प्रकरण

गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली की पुष्कळ घरांत पहिला निर्णय होतो तो चालू असलेली सगळी औषधे बंद करण्याचा. बहुतेक वेळा तो कुणा डॉक्टरांना विचारून होत नाही. बाळाला काही होऊ नये या काळजीपोटी, कुणीतरी सांगितले म्हणून, किंवा औषधाच्या वेष्टनातील बारीक अक्षरांतला मजकूर वाचून तो घेतला जातो. ज्या स्त्रीला ॲलर्जीची सर्दी आणि दमा आहे तिच्या बाबतीत मात्र हाच निर्णय आई आणि बाळ दोघांनाही अपायकारक ठरू शकतो. पुढील प्रकरण नाशिकमधले आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. यात उल्लेख आलेली औषधे आणि मात्रा या एका रुग्णासाठी, तिच्या प्रसूतितज्ज्ञांशी चर्चा करून ठरवलेल्या होत्या. वाचकांनी त्या परस्पर सुरू किंवा बंद करू नयेत.

पहिली भेट

रुग्ण सत्तावीस वर्षांची, पाथर्डी फाटा परिसरात राहणारी, अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा विभागात नोकरी करणारी. पहिलेच गरोदरपण, अकरावा आठवडा. लहानपणापासून शिंका, नाक वाहणे आणि डोळ्यांना खाज हा त्रास होता, आणि महाविद्यालयात असताना दम्याचे निदान झाले होते. गरोदरपणाआधीची दोन वर्षे बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल या दोन औषधांचा एकत्रित पंप सकाळ-संध्याकाळ घेऊन ती उत्तम स्थितीत होती. रात्री झोपमोड होत नव्हती आणि तातडीचा पंप क्वचितच लागत होता. सहाव्या आठवड्यात चाचणी होकारार्थी आली आणि त्याच संध्याकाळी पंप कपाटात गेला. सासूबाईंचे म्हणणे होते की त्यात स्टिरॉइड असते आणि पंपाची सवय लागते. नवऱ्याने इंटरनेटवर शोधले तेव्हा त्याला औषधांपुढे ए, बी, सी अशी अक्षरे दिलेले एक जुने कोष्टक सापडले आणि त्यातील फॉर्मोटेरॉलपुढचे ‘सी’ हे अक्षर पाहून त्याची खात्रीच पटली.

ती आली तेव्हा तक्रार ‘सर्दी हटत नाही आणि रात्री दम लागतो’ अशी होती. आठवड्यातून चार-पाच रात्री खोकल्याने जाग येत होती. नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेले, आतील त्वचा फिकट निळसर आणि सुजलेली, डोळे पाणावलेले. छातीत श्वास सोडताना दोन्ही बाजूंना घरघर ऐकू येत होती. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९७ टक्के होते. पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे जोराने श्वास सोडण्याचा वेग मोजणाऱ्या उपकरणात, तिचा चांगल्या दिवसांतला आकडा मिनिटाला ४०० लिटर असल्याची जुनी नोंद होती. त्या दिवशी तो २९० आला.

मी प्रत्येक गरोदर रुग्णाला घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगतो, कारण चिठ्ठीवर काय लिहिले आहे यापेक्षा पोटात आणि नाकात प्रत्यक्षात काय जाते हे महत्त्वाचे असते. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. नाक मोकळे करणाऱ्या झायलोमेटाझोलिन थेंबांची अर्धी संपलेली बाटली, तीही पहिली नव्हे. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेल्या ‘सर्दीच्या गोळ्यां’ची पाकिटे, ज्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन अशी तीन औषधे एकत्र होती. वाफेत टाकायच्या कापूर आणि मेंथॉल असलेल्या कॅप्सूल. बामची डबी. शेवटी पंप, त्याच्या पाठीवरील आकडा पाच आठवड्यांपूर्वी जिथे थांबला होता तिथेच होता.

या पिशवीत प्रकरणाचे सार होते. श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडांपैकी गरोदरपणात ज्याचा सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे ते बुडेसोनाइड बंद होते आणि पहिल्या तिमाहीत टाळावे असे सांगितले जाते ते फिनाइलेफ्रिन दिवसातून दोन-तीन वेळा पोटात जात होते. फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिनसारखी औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करून नाक मोकळे करतात, आणि पहिल्या तिमाहीत त्यांचा वापर व बाळाच्या काही दुर्मीळ जन्मजात दोषांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. तो पुरता सिद्ध झालेला नाही, परंतु अन्य सुरक्षित उपाय हाताशी असताना धोका पत्करण्याचे कारण नाही. रुग्णाला किंवा तिच्या घरच्यांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांच्या लेखी पंप म्हणजे ‘औषध’ होते आणि सर्दीची गोळी म्हणजे नुसती सर्दीची गोळी.

भीती कुठून येते

या भीतीला मी अज्ञान म्हणत नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आले, गरोदर स्त्रियांना मळमळीसाठी दिले गेले, आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांच्या आसपास बाळे हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. गरोदरपणात औषध देताना वैद्यकशास्त्र आज जी सावधगिरी बाळगते तिचे मूळ तिथे आहे, आणि घरोघरी पोहोचलेल्या धास्तीचेही. फरक एवढाच की त्या घटनेनंतर औषधांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत उभी राहिली आणि आज काही औषधांबद्दल आपल्याला बरेच नेमके सांगता येते. स्वीडनमधील जन्मनोंदींवर आधारलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणाच्या सुरुवातीला श्वासावाटे बुडेसोनाइड घेतलेल्या मातांच्या २,०१४ बाळांमध्ये जन्मजात दोषांचे प्रमाण ३.८ टक्के आढळले. सर्वसाधारण बाळांमध्ये ते ३.५ टक्के होते, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. नवऱ्याने पाहिलेली अक्षरांची वर्गवारी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७९ मध्ये आणली होती. एका अक्षरावरून लोक चुकीचे निष्कर्ष काढतात हे लक्षात आल्यावर २०१५ पासून ती नव्या माहितीपत्रकांतून काढून टाकण्यात येऊ लागली. ‘सी’चा अर्थ ‘घातक’ असा नव्हताच. प्राण्यांवरील अभ्यासांत अपाय दिसला आहे किंवा तसे अभ्यासच झालेले नाहीत, आणि माणसांवरील पुरेशी माहिती उपलब्ध नाही, असा तो होता.

दुसरी बाजू घरात कुणी सांगितलेली नसते. दमा आटोक्यात नसेल तर आईच्या रक्तातील प्राणवायू कमी होतो आणि बाळाला तो नाळेवाटेच मिळत असल्याने झळ त्यालाही बसते. अशा गरोदरपणांत कमी दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ आणि आईला रक्तदाबाचा विकार यांचे प्रमाण वाढते, हे वारंवार दिसून आलेले आहे. औषध थांबवणे म्हणजे काहीच न करणे, असा समज असतो. प्रत्यक्षात तोही एक उपचारविषयक निर्णय आहे आणि त्याचेही परिणाम बाळापर्यंत पोहोचतात. त्या भेटीचा मोठा भाग मी हे नवऱ्याला आणि सासूबाईंना समजावण्यात घालवला, कारण पंप कपाटातून बाहेर निघणार की नाही हे एकट्या रुग्णाच्या हातात नव्हते. सासूबाईंनी शेवटी विचारले, “डॉक्टर, मग स्टिरॉइडचं काय?” पंपातून जाते ती मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत मोजतात, ती थेट श्वासनलिकेत उतरते आणि रक्तात फारच थोडी जाते, हे त्यांना पटले. पंपाने सवय लागत नाही. पंप सोडल्यावर त्रास परत येतो तो मूळ आजार गेलेला नसतो म्हणून, हे पटायला अधिक वेळ लागला.

निदान आणि उपचार

गरोदरपणात नाक चोंदण्याला आणखी एक कारण असू शकते. संप्रेरकांतील बदलांमुळे सुमारे पाचांपैकी एका स्त्रीला ॲलर्जी नसतानाही नाक चोंदण्याचा त्रास होतो आणि तो प्रसूतीनंतर दोन आठवड्यांत आपोआप जातो. त्यात शिंकांची सरबत्ती, नाका-डोळ्यांची खाज आणि पाणी येणे सहसा नसते. इथे ते सगळे होते, आणि त्याशिवाय आठवडे न् आठवडे घातलेल्या थेंबांनी स्वतःच नाक चोंदवायला सुरुवात केली होती. हे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले की परिणाम ओसरताच सूज पूर्वीपेक्षा जास्त येते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. श्वासाबाबतही असाच विचार करावा लागतो. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने गरोदर स्त्रीचा श्वास खोल होतो आणि निरोगी स्त्रीलाही जिना चढताना धाप जाणवते, परंतु त्या धापेत घरघर नसते, रात्रीचा खोकला नसतो आणि पीक फ्लो खाली येत नाही.

ॲलर्जी कशाची, हे शोधण्यासाठी त्वचेवर टोचून करायची चाचणी गरोदरपणात पुढे ढकलतात, कारण क्वचित का होईना, तिच्याने तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. रक्तचाचणी करता आली असती, पण माझ्या मते तिने उपचारात काही बदल झाला नसता. तिच्या बोलण्यातूनच चित्र पुरेसे स्पष्ट होत होते. पाथर्डी फाट्यापासून अंबडपर्यंतच्या दुचाकीच्या रस्त्यावर मोकळ्या भूखंडांत पावसाळ्यानंतर गाजरगवत कमरेइतके वाढते आणि फुलते, आणि तिच्या शिंका दरवर्षी भाद्रपद-आश्विनात टिपेला पोहोचत. हेच ते काँग्रेस गवत, ज्याची महाराष्ट्रात पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली. घरात पावसाळ्याची ओल होती आणि अंथरुणात आजीच्या हातची जुनी गोधडी, जी मायेपोटी कधी धुतलीच जात नसे. धुळीतील सूक्ष्म कीटकांना अशी जागा फार मानवते.

आदला पंप त्याच मात्रेत पुन्हा सुरू केला. चांगले चालत असलेले औषध गरोदरपणात बदलून नवे प्रयोग करू नयेत, हे तत्त्व मी पाळतो. तो घेण्याची तिची पद्धत पाहिली तेव्हा लक्षात आले की श्वास आत घेऊन झाल्यावर ती कळ दाबत होती आणि औषधाचा धुरका ओठांच्या कडेने बाहेर येत होता. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, तोंड घट्ट लावायचे, कळ दाबून सावकाश आत ओढायचे, दहा मोजेपर्यंत रोखायचे, शेवटी चूळ भरून टाकायची. हे तिने माझ्यासमोर करून दाखवल्यावरच पुढे गेलो. नाकासाठी बुडेसोनाइडचाच फवारा दिला. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने आणि उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, मान किंचित पुढे झुकवून, टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूला रोखायचे, म्हणजे रक्त येत नाही. थेंब एकदम बंद केले तर दोन्ही बाजू गच्च होऊन झोप उडते आणि रुग्ण हार मानतो, म्हणून आधी एका नाकपुडीतले बंद करून ती मोकळी झाल्यावर दुसरीतले बंद करायला सांगितले. रोज दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास, म्हणजे आपल्याकडच्या जलनेतीस, मी आग्रहाने सांगितले, कारण त्यात बाळापर्यंत पोहोचणारे औषधच नाही. पाव लिटर पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ, थोडे कमीच. पाणी मात्र उकळून कोमट केलेले हवे, नळाचे तसेच वापरायचे नाही. खाज आणि शिंका फार झाल्या तर रात्री सेटिरिझिनची एक गोळी. ही गोळी आणि लोराटाडिन या दोहोंची गरोदरपणातील माहिती भरपूर आणि दिलासादायक आहे. सर्दीच्या गोळ्या आणि कापराच्या कॅप्सूल बंद केल्या. साध्या पाण्याची वाफ चालेल, पण पातेल्यावर वाकून नव्हे. भाजल्याच्या घटना मी पाहिल्या आहेत.

एका परिचिताने तिला ॲलर्जीची इंजेक्शने, म्हणजे इम्युनोथेरपी, लगेच सुरू करायला सुचवले होते. ती आधीपासून चालू असतील आणि मानवत असतील तर गरोदरपणात त्याच मात्रेत पुढे नेता येतात, नव्याने सुरू करत नाहीत. तो विषय प्रसूतीनंतरपर्यंत थांबवला. शेंगदाणे, दही आणि केळी बंद केल्यास बाळाला ॲलर्जी होणार नाही, असेही तिला सांगितले गेले होते. आईला स्वतःला एखाद्या पदार्थाची ॲलर्जी नसेल तर तो गरोदरपणात टाळून बाळाची ॲलर्जी रोखली जाते याला आधार नाही. शेंगदाण्याची चटणी ताटात परत आली.

चार आठवड्यांनी पीक फ्लो ३८० होता आणि ती रात्रभर झोपत होती. गोधडी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवली गेली होती. गाजरगवताच्या दिवसांत ती दुचाकीऐवजी कंपनीच्या बसने जाऊ लागली. फ्लूची लस प्रसूतितज्ज्ञांनी दिली. मी तिला एक कागद लिहून दिला : आकडा ३२० च्या खाली गेला तर काय करायचे, आणि २०० च्या खाली गेला तर कुणाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

दिवाळीतला झटका

गरोदरपणात दम्याचे काय होते याबद्दल ढोबळमानाने असे सांगतात की एकतृतीयांश स्त्रियांचा सुधारतो, एकतृतीयांशांचा तसाच राहतो आणि एकतृतीयांशांचा बिघडतो. बिघाड बहुधा दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीपासून पुढे होतो. तिच्या चोविसाव्या आठवड्यात दिवाळी आली आणि ती चार दिवसांसाठी निफाड तालुक्यातील माहेरी गेली. औषधे बरोबर होती आणि ती नियमित घेत होती. अंगणात मात्र कांदाचाळीतला उरलेला उन्हाळी कांदा निवडायचे काम चालू होते. कांद्याच्या सुक्या टरफलांवर काळी बुरशी धरते आणि कांदा हाताळला की तिची भुकटी हवेत उडते. निवडणाऱ्या बायकांच्या बोटांवर आणि पदरावर तिचा काळा थर दिसतो. ती त्यांच्याशेजारी गप्पा मारत बसली होती. संध्याकाळी फटाक्यांचा धूर त्यात मिसळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीक फ्लो ३०० होता. संध्याकाळी २४०. सण मोडू नये म्हणून ती कुणाला बोलली नाही आणि तातडीचा पंप दर तासाला घेत राहिली. रात्री आकडा १९० झाला आणि वाक्य एका दमात पूर्ण होईना, तेव्हा आईने कागद काढला, वाचला आणि भावाला उठवले. गावातला दवाखाना सणामुळे बंद होता. त्यांनी गाडी थेट नाशिकच्या रस्त्याला लावली. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळाल्यास वाटेतच प्राणवायू सुरू होतो, आणि आज विचारले तर मी तेच सांगेन.

रुग्णालयात पोहोचली तेव्हा प्राणवायू ९२ टक्के, श्वास मिनिटाला २८, नाडी १२४. रक्तवायूंच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब ३९ आला. कागदावर या आकड्यापुढे काही खूण नव्हती, कारण प्रयोगशाळेची सर्वसाधारण मर्यादा ३५ ते ४५ असते. गरोदर स्त्रीचा श्वास मुळातच खोल असल्याने तिच्यात हा आकडा एरवी २८ ते ३२ च्या दरम्यान असतो. जोरजोराने श्वास घेणाऱ्या गरोदर स्त्रीत तो ३९ येणे याचा अर्थ तिचे श्वसनाचे स्नायू थकू लागले आहेत. अहवाल ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला गेला असता तर पुढचे काही तास फार कठीण गेले असते. ज्यांच्या हाती असा अहवाल येईल त्यांच्यासाठी हा मुद्दा मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे.

प्राणवायू ९५ टक्क्यांच्या वर राहील अशा बेताने दिला; गरोदरपणात हे लक्ष्य इतरांपेक्षा चढे ठेवावे लागते. सालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधांची वाफ मशीनवर लागोपाठ दिली, डाव्या कुशीवर टेकून बसवले, बाळाच्या हृदयाचे ठोके तपासत राहिलो आणि शिरेतून स्टिरॉइड दिले. पुढे सहा दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या होत्या. इथे नवऱ्याची भीती परत वर आली. त्याने वाचले होते की स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बाळाचा टाळू दुभंगतो. असा किंचित वाढीव धोका काही अभ्यासांत दिसला आहे हे खरे, पण तो पहिल्या तिमाहीतल्या वापराशी निगडित आहे. बाळाचा टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पूर्ण झालेला असतो आणि आपण चोविसाव्या आठवड्यात आहोत, हे मी त्याला सांगितले. शिवाय प्रेडनिसोलोनचा बहुतांश भाग वारेतच (प्लॅसेंटातच) निष्क्रिय होतो आणि बाळापर्यंत सुमारे दहावा हिस्सा जातो. पहिल्या तिमाहीत असा झटका आला असता तरीही मी ही औषधे दिली असती, हेही स्पष्ट केले. पहाटेपर्यंत प्राणवायू ९७ वर आला आणि दाबाचा आकडा ३१ वर उतरला. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची मधुमेहाची चाचणी त्याच आठवड्यात ठरली होती. स्टिरॉइडने साखर वाढलेली दिसते म्हणून ती पुढे ढकलली आणि नंतर ती ठीक आली.

माहेरपण कुठे करायचे

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज तिच्या घरात कुणी मोडलेला नव्हता. सातव्या महिन्यात ती निफाडला जाणार होती. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली जाणाऱ्यांपैकी असतो, आणि तिच्या माहेरचे घर द्राक्षबागेला लागून आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भुरी आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगांसाठी ट्रॅक्टरच्या ब्लोअरने फवारण्या चालू असतात. गंधकाची फवारणी दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला झोंबते. बाग थांबवता येत नाही, कारण सबंध वर्षाचे उत्पन्न त्या वेलींवर असते, आणि वडिलांना तसे सांगण्याचा मला अधिकार नव्हता. आईने लेकीच्या सासरी येऊन राहावे, हे कुणालाच रुचत नव्हते. तोडगा तिच्या आजीने काढला : धाकटा मामा नाशिकच्या सिडकोत राहतो, तेव्हा माहेरपण मामाकडे करायचे आणि आईने तिथे यायचे. रुग्णालय तिथून जवळ होते. वैद्यकीय सल्ला घरात टिकतो तो अशा जाणत्या माणसांमुळे, असे माझे मत आहे.

डोहाळजेवणासाठी वाडी भरायची होती. शेवंती आणि झेंडू ही गाजरगवताच्याच, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातली. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्या काहींना यांचाही त्रास होतो, म्हणून तिची वाडी गुलाब आणि मोत्यांची झाली. मेंदी घरची वाटलेली चालेल, बाजारातली काळी नको, कारण तिच्यात मिसळलेल्या केसांच्या रंगातील रसायनाने त्वचेवर फोड येऊ शकतात.

तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन कमी आल्याने शिरेतून लोह द्यायचे ठरले. दमा आणि ॲलर्जी असलेल्या रुग्णांत लोहाच्या इंजेक्शनने तीव्र प्रतिक्रिया येण्याची शक्यता थोडी अधिक असते, म्हणून ते घरी किंवा छोट्या दवाखान्यात न देता रुग्णालयात, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून दिले. तशी प्रतिक्रिया आलीच तर गरोदर स्त्रीलाही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन हाच पहिला उपचार असतो. बाळाच्या भीतीने त्याला उशीर करायचा नसतो. तिला काही त्रास झाला नाही.

प्रसूती आणि त्यानंतर

तिच्या फाइलच्या मुखपृष्ठावर प्रसूतितज्ज्ञांनी आणि मी मिळून लाल शाईत लिहिले : ‘दमा आहे. कार्बोप्रोस्ट देऊ नये.’ प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसेल तर हे इंजेक्शन वापरतात आणि त्याने श्वासनलिका आकुंचित होऊन दम्याचा जीवघेणा झटका येऊ शकतो. ऑक्सिटोसिन चालते. रक्तदाब वाढला तर लॅबेटालॉल टाळून निफेडिपिन द्यावे, हेही खाली नोंदवले. रक्तस्राव चालू असताना, रात्रपाळीत, घाईत फाइलची आतली पाने कुणी चाळत नाही, म्हणून मुखपृष्ठ. ती अडतिसाव्या आठवड्यात नैसर्गिकरीत्या बाळंत झाली, कळांच्या काळातही पंप वेळेवर घेतला गेला आणि यांपैकी कशाचीच गरज पडली नाही. मुलगी झाली, वजन २.८ किलो.

राहिला होता शेक-शेगडीचा प्रश्न. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि लसूण निखाऱ्यांवर टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देण्याची चाल आपल्याकडे आजही आहे. बंद खोलीतला निखाऱ्यांचा धूर दमेकरी आईला अपायकारक आहेच, आणि नवजात बाळाच्या फुप्फुसांनाही. यावर मी कोणतीही तडजोड सुचवली नाही. ओवा, बाळंतशोपा खाण्यात असू द्या, अंग शेकायचे तर गरम पाण्याची पिशवी घ्या, पण खोलीत निखारे नकोत, असे आजींना सांगितले, आणि माहेरपणाच्या तोडग्यापासून माझ्या बाजूने असलेल्या आजींनी ते मान्य केले. स्तनपान पहिल्या तासात सुरू झाले. पंप, नाकातील फवारा आणि गरजेपुरती सेटिरिझिन स्तनपानात चालते. झोप आणणाऱ्या जुन्या सर्दीच्या गोळ्यांनी बाळ सुस्त होऊ शकते, म्हणून त्या नकोत.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत पीक फ्लो ४१० होता. पंपाची मात्रा सध्या तीच ठेवली आहे, कारण पुढचा पावसाळा आणि त्यामागून येणारे गाजरगवताचे दिवस पार पडल्याखेरीज ती कमी करणे मला योग्य वाटत नाही. त्वचेवरील चाचणीची तारीख ठरली आहे. तिच्या निकालानंतर इम्युनोथेरपीचा विचार करायचा, आणि दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तो आधी सांगायचा, म्हणजे मात्रा वाढवत नेण्याचा टप्पा त्यापूर्वी संपवता येईल, असे तिच्याशी आणि तिच्या नवऱ्याशी बोलून ठरले आहे.